स्वाहिली पेपरातल्या जाहिराती: उधार देताना स्वाहिली, नोकरी देताना इंग्रजी

किगांबोनीकर:
टांझानियात, दार-ए-सलामला येऊन नऊ वर्षं झाली. माझं स्वाहिली शिकवणीत नाही, फेरीबोटीत झालं. किगांबोनीहून शहरात जाताना शेजारचा माणूस 'म्वानांची' हा पेपर उघडतो आणि मी मान तिरकी करून वाचतो. बातमी पुरी होईपर्यंत धक्का येतो. जाहिरात मात्र वाचून होते. त्यामुळे माझी पहिली वाक्यं 'किवांजा किनाउझ्वा', 'गारी लिनाउझ्वा', 'न्युंबा इनाउझ्वा' ही. प्लॉट, गाडी, घर विकणे आहे. नाम बदललं की क्रियापदाचं तोंड बदलतं: कि, लि, इ. आपल्या 'विकणे आहे'ला हा त्रास नाही. बंगला असो की म्हैस, 'विकणे आहे' ढिम्म हलत नाही.

तर मुद्दा असा. गेले काही महिने मी पेपर मागून पुढे वाचतो, म्हणजे जाहिरातींपासून. 'म्वानांची' खासगी, 'हाबारीलेओ' सरकारी, 'निपाशे' आणखी एका समूहाचा. तिन्हीकडे मला एकच चित्र दिसतं. मोबाइल कंपनी स्वाहिलीत बोलते. कर्ज देणारा स्वाहिलीत बोलतो, तेही किती गोड. साबणवाला, पत्रेवाला, फुटबॉलवर पैसे लावा म्हणणारा, सगळे स्वाहिलीत. घरकामाला मुलगी हवी असेल तर 'आनाहिताजिका दादा वा काझी'. (हसू नका. इथे दादा म्हणजे बहीण, आणि काका म्हणजे मोठा भाऊ. बाबा तेवढे बाबाच राहिले.) पण हिशेब तपासनीस हवा, इंजिनिअर हवा, प्रकल्प अधिकारी हवा, की त्याच पेपरात, कधी त्याच पानावर, अख्खा चौकोन इंग्रजीत. मोठ्या कंत्राटाच्या बऱ्याच निविदाही तशाच.

म्हणजे वाचकाच्या खिशातला पैसा काढायचा तर त्याच्या भाषेत, त्याच्या खिशात घालायचा तर परक्या भाषेत. ज्या देशात १९६७ पासून स्वाहिलीसाठी सरकारी परिषद आहे, जिथे शेतकऱ्यापासून राष्ट्राध्यक्षापर्यंत सगळे स्वाहिलीत बोलतात, तिथे हे. मला हे चीड आणणारं वाटतं. तुमचं काय मत?

हिशेबनीस:
मत असं की तुम्ही आजाराऐवजी थर्मामीटरवर रागावला आहात.

मी इथे अकरा वर्षं हिशेब तपासतो. टांझानियात प्राथमिक शाळा स्वाहिलीत आणि माध्यमिकपासून पुढे सगळं इंग्रजीत, हे तुम्हाला माहीत आहेच. हिशेबाच्या परीक्षा इंग्रजीत, ताळेबंद इंग्रजीत, बाहेरच्या बँकेशी पत्रव्यवहार इंग्रजीत. ज्या नोकरीत दिवसभर इंग्रजी लिहावं लागणार तिची जाहिरात स्वाहिलीत देणं ही फसवणूक होईल. गावाकडून पोरगं अर्ज घेऊन येईल आणि मुलाखतीच्या दारात आपटेल. इंग्रजी जाहिरात निदान आधीच सांगते.

दुसरी गोष्ट, अचूकपणा. नवीन होतो तेव्हा एका पिकअपच्या लिलावाची जाहिरात स्वाहिली पेपरात पाहिली. 'म्नादा' म्हणजे लिलाव एवढं कळत होतं. वेळ लिहिली होती 'साआ ८ म्चाना'. मी सकाळी आठला अंगणात हजर. रखवालदार झाडत होता. त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि दुपारी दोनला लिलाव सुरू झाला. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं: सकाळचे सात म्हणजे एक, आठ म्हणजे दोन, आणि दुपारचे दोन म्हणजे आठ. त्या दिवसापासून मी इंग्रजी जाहिरातीचा भक्त आहे. तिथे दोन म्हणजे दोन.

कोशातला किडा:
हिशेबनीस काका, घड्याळ चुकलं नव्हतं, तुम्ही चुकला होतात. 'म्चाना' म्हणजे दुपार, शब्द समोर छापलेला होता. आणि दिवस उगवल्यावर तास मोजायला लागणं हे आपल्या प्रहरांच्या हिशेबाला किती जवळचं आहे! विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर साधारण एकाच वेळी उगवतो, त्यामुळे ते तिथे चालतंही. रात्री बाराला, सगळे झोपलेले असताना तारीख बदलणं जास्त विचित्र नाही का?

मी झांझिबारला भाषा शिकायला होते. माझा आक्षेप मूळ धाग्यालाही आहे. किगांबोनीकर, तुम्ही भाषा कोणती ते मोजलंत, पण स्वाहिली जाहिरातीत स्वाहिली आहे का ते पाहिलंच नाहीत. एक शब्द घ्या: 'जिशिंदिए'. बक्षिसाच्या प्रत्येक जाहिरातीत असतो. 'शिंद' म्हणजे जिंक. पुढे 'जि' लागला, म्हणजे स्वतःला. मागे 'इ' लागला, म्हणजे कुणासाठी तरी. शेवटी 'ए', म्हणजे कर ना, करावंस. चार तुकडे, एक शब्द: स्वतःसाठी जिंकून घे ना. तसाच 'जिपातिए', स्वतःला मिळवून घे. इंग्रजी मजकुरातल्या कोरड्या 'विन'पेक्षा यात कितीतरी जास्त लाडीगोडी आहे. ही ओळ कुणी भाषांतर करून लिहिली नाही, भाषेच्या पोटातून आली.

आता तळाची, मुंगीएवढ्या अक्षरातली ओळ: 'विगेझो ना माशार्ती कुझिंगातिवा'. निकष आणि शर्ती विचारात घेतल्या जाणे. (माशार्ती ओळखलंत? आपली शर्तच. दोघांनी अरबीतून घेतली.) या ओळीला कर्ता नाही, काळ नाही. कोण विचारात घेणार, कधी, काही नाही. ती स्वाहिलीतली आहे, पण स्वाहिली नाही. आपल्या 'अटी व शर्ती लागू'ची सख्खी बहीण. म्हणून मला भाषेच्या नावापेक्षा हा फरक महत्त्वाचा वाटतो: लाडीगोडीला जिवंत भाषा, आणि पाय अडकेल अशा जागी मेलेली.

किगांबोनीकर:
किडाताई, पटलं, आणि माझाच मुद्दा पुढे गेला की! आमिष जिवंत भाषेत, गळ मेलेल्या भाषेत.

हिशेबनीस, फसवणुकीचं म्हणता. मग मला सांगा, इथल्या सावकारी कर्जांना लोक काय म्हणतात? 'मिकोपो या काउशा दामू'. रक्त सुकवणारी कर्जं. हे नाव जाहिरातीत नसतं, जाहिरातीत 'जिपातिए' असतं. तिथे तुमचा अचूकपणा कुठे जातो?

अनुस्वार:
मी सांगलीचा, आफ्रिकेशी संबंध एवढाच की धाकटा मुलगा आरुशाला असतो आणि मी दोन हिवाळे तिथे काढले. शिक्षकी पेशात आयुष्य गेल्यामुळे जाहिराती लाल पेनाने वाचायची खोड आहे.

मला तिथे जे दिसलं ते आपल्याकडच्यासारखंच. 'ओफा', 'प्रोमोशेनी', 'वोचा', 'बान्डो'. बान्डो म्हणजे इंटरनेटचा बंडल! यासाठी 'किफुरुशी' असा छान शब्द आहे, लहानसं गाठोडं. अनेकवचन 'विफुरुशी'. गाठोडं हातात आल्यासारखं वाटतं. तरी पोरं बान्डो म्हणतात, आणि हल्ली जाहिरातीही. पेपराने जाहिरातीचा मजकूर तपासून घ्यावा. पैसे घेतले म्हणून काहीही छापायचं का?

मटातूप्रवासी:
अनुस्वार सर, नमस्कार. जाहिरातीच्या धंद्यात आहे, नैरोबीत, चौदा वर्षं. तुमचं लाल पेन इथे आणलंत तर शाई पुरणार नाही.

गंमत बघा. टांझानियाचे लोक नैरोबीच्या स्वाहिलीला नाकं मुरडतात. आमच्याकडे शेंग चालते, म्हणजे स्वाहिली, इंग्रजी आणि गावाकडच्या भाषांची भेळ, पोरं दर वर्षी नवी बनवतात. पण मोबाइलवरच्या सेवांची नावं पाहा. शिल्लक संपल्यावर उसनं बोलणं देणारी सेवा: 'ओकोआ जाहाझी'. जहाज वाचव! बुडती वेळ सावरणे, असा तो वाक्प्रचार आहे. २०१२ मध्ये फोनवरून बचत आणि कर्ज आलं, त्याचं नाव 'एम-श्वारी'. श्वारी म्हणजे समुद्र शांत असणे. नैरोबी समुद्रापासून पावणेपाचशे किलोमीटर आत, मैलभर उंचीवर. इथल्या अर्ध्या लोकांनी शीड पाहिलेलं नाही. तरी पैशाची चणचण सांगायला भाषा मोंबासा-लामूच्या खलाशाकडून आणावी लागली. २०१९ मध्ये 'फुलिझा' आलं, न थांबता करत राहणे असा त्या क्रियापदाचा अर्थ. खात्यात पैसे नसले तरी खर्च चालू. आता फुलिझा म्हणजेच उधारी.

हे कुठल्या परिषदेने केलं नाही, जाहिरातवाल्यांनी केलं. आणि ती भाषा जिवंत ठेवण्यात आमचा वाटा आहे, हे थोडं कबूल करा.

आणखी एक. २०२० मध्ये हप्त्याने फोन देण्याची योजना आली, 'लिपा म्डोगो म्डोगो'. व्याकरणाने हवं 'किडोगो किडोगो', थोडं थोडं. पण रस्त्यावर कुणी विचारलं, कसं चाललंय, तर उत्तर 'म्डोगो म्डोगो' येतं. पुस्तकातली म्हण आहे, 'हाबा ना हाबा हुजाझा किबाबा', आपलं थेंबे थेंबे तळे साचे. ती घातली असती तर शाळेच्या फळ्यावरची जाहिरात झाली असती. फोन विकला गेला नसता.

अनुस्वार:
ताई, जहाज आणि श्वारी मान्य. उत्तम. म्डोगो म्डोगो मान्य नाही. विकलं गेलं म्हणजे बरोबर ठरलं, हा न्याय लावला तर मग बोलायलाच नको.

मटातूप्रवासी:
बरोबर ठरलं असं नाही म्हटलं सर, कळलं असं म्हटलं.

पण किगांबोनीकरांना एक खोचक प्रश्न. केनियात तुमचं गणित उलटं आहे. 'ताइफा लेओ' हा आमचा स्वाहिली दैनिक पेपर, आणि त्याला जाहिरातदार जरा हातचं राखूनच पैसे देतात, कारण त्यांच्या मते स्वाहिली वाचणाऱ्याकडे पैसा नाही. उलट स्वाहिली घोषवाक्यं इंग्रजी पेपरात झळकतात. टस्कर बिअरचं 'बिया यांगू, न्ची यांगू', माझी बिअर, माझा देश, हे काय फक्त स्वाहिली पेपरासाठी होतं? सूटबूटवाला वाचक इंग्रजीत बातमी वाचतो आणि स्वाहिलीत गहिवरतो. त्याच्या खिशातला पैसाही स्वाहिलीनेच निघतो. तेव्हा गरीब-श्रीमंत असा सरळ भाग जात नाही.

आणि हो, तुमची स्वतःची कंपनी जाहिरात कुठल्या भाषेत देते?

किगांबोनीकर:
शेवटचा प्रश्न दुखऱ्या जागी लागला. सांगतो.

आम्ही पाण्याचे पंप विकतो. मजकूर बाहेरून इंग्रजीत येतो: ज्यावर विश्वास ठेवता येईल अशी ताकद, या थाटाचा. दोन वर्षांपूर्वी तो आमच्या ऑफिसातल्या पोराने रात्री बसून स्वाहिलीत केला: 'न्गुवू उनायोवेझा कुइआमिनी'. व्याकरणात चूक नाही. छापून आणला. आमच्याकडे दुरुस्तीला एक म्हातारे फुंदी आहेत, म्हणजे मिस्त्री. त्यांनी पेपर हातात घेतला, दोनदा वाचला आणि विचारलं, हे औषध कशावरचं?

मग ते स्वतःच म्हणाले, 'पांपू हाइचोकी' लिहा. पंप दमत नाही. हा-इ-चोक-ई, नकारासकट एक शब्द. शेतकऱ्याला जे हवं ते तेवढंच, चालू केला की संध्याकाळपर्यंत धापा न टाकता पाणी ओढायला हवं. मी वर पाठवलं. उत्तर आलं, ब्रँडच्या नियमांत बसत नाही. शेवटी आम्ही पेपरात ते छापू शकलो नाही, पण मोरोगोरोच्या दुकानदारांनी भिंतींवर तेच रंगवून घेतलंय, मी पाहिलंय.

तर मटातूताई, तुमचं बरोबर. माझा राग इंग्रजी-स्वाहिली यावर कमी आणि मजकूर आधी इंग्रजीत का जन्मतो यावर जास्त आहे. पण नोकरीच्या जाहिरातीचा मुद्दा मी सोडलेला नाही.

कोशातला किडा:
आधी इंग्रजीत जन्मलेलं सगळंच वाईट निघतं, हे नाही पटत. टांझानियातल्या व्होडाकॉम या मोबाइल कंपनीचं 'याजायो यानाफुराहिशा' घ्या. मूळ जगभरचं इंग्रजी घोषवाक्य, भविष्य रोमांचक आहे, या अर्थाचं. शुद्ध भाषांतर. पण 'भविष्य' हा जड शब्दच टाकून दिला. याजायो म्हणजे 'येणारी'. कोण येणारी? नाम नाही. 'या' या प्रत्ययात 'गोष्टी' दडलेल्या आहेत. येणाऱ्या त्या आनंद देणाऱ्या. शिवाय या-या असा ठेका. लोक ते थट्टेतही वापरतात: वीज गेली, याजायो यानाफुराहिशा! मूळ इंग्रजी वाक्य कुणी थट्टेत वापरल्याचं ऐकलंय? जे थट्टेत गेलं ते भाषेत गेलं.

त्यांचंच आधीचं 'काझी नी क्वाको', शब्दशः काम तुझ्याकडे. म्हणजे आम्ही आमचं केलं, आता तुझं तू बघ. हे मराठीत कुठल्याही कंपनीने लिहिलं तर गिऱ्हाईक उद्धट म्हणेल. स्वाहिलीत ते आपुलकीचं होतं.

हिशेबनीस:
छान रंगलंय, पण सगळे नोकरीच्या मुद्द्यावरून पंपावर घसरलात. मी विचारतो, उद्या सगळ्या जाहिराती स्वाहिलीत छापल्या तर एकाही पोराला जास्त नोकरी मिळेल का?

किगांबोनीकर:
नोकरी नाही, पण अर्ज करायची हिंमत मिळेल. आमच्याकडे भांडार सांभाळायला माणूस हवा होता. जाहिरात इंग्रजीत. काम काय? गोण्या मोजणे, ट्रकवाल्याशी भांडणे, वहीत आकडे लिहिणे. तिन्ही स्वाहिलीत चालतात. तरी चौकोनात 'इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व'. का? मागच्या जाहिरातीत होतं म्हणून. ही तुमची प्रामाणिक पूर्वसूचना नाही, ही चाळणी आहे, आणि भोकं कुणी पाडली ते कुणालाच आठवत नाही.

हिशेबनीस:
भांडाराच्या बाबतीत मान्य. हिशेब तपासनीसाच्या बाबतीत नाही.

कोशातला किडा:
२०२१ मध्ये कायदा आणि न्यायालयाची भाषा स्वाहिली करणारी दुरुस्ती झाली, तेव्हाही वकिलांपैकी अनेकांचं हेच म्हणणं होतं: बाकी ठीक, आमच्या बाबतीत नाही. प्रत्येकाचं आपापलं खातं अपवाद असतं, काका.

अनुस्वार:
एक अवांतर. मला तिथली सगळ्यात आवडलेली जाहिरात पेपरातली नाहीच. दार-ए-सलामच्या घरांच्या भिंतीवर लाल रंगाने लिहिलेलं असतं, 'न्युंबा ही हाइउझ्वी'. हे घर विकणे नाही. खाली कधी 'ओगोपा मातापेली', ठगांपासून सावध. मुलाने समजावलं, परस्पर दुसऱ्याचं घर विकणारे भामटे आहेत, कधी घरातलेच असतात, म्हणून मालक आधीच जाहीर करून ठेवतो. विकणे नसल्याची जाहिरात! तीन शब्दांत आटोपलेली, आणि एकही चूक नाही. मी तपासली.

मटातूप्रवासी:
सर, हे लाख मोलाचं. लाखाला पण इथे 'लाकी'च म्हणतात बरं का.

आणि सगळ्या छोट्या जाहिरातींत माझी लाडकी 'बाजाजी इनाउझ्वा'. दार-ए-सलामला रिक्षाला बाजाजीच म्हणतात, मग ती दुसऱ्या कंपनीची का असेना. आकुर्डीच्या नावाला तिथे सामान्यनामाचा मान मिळाला. विम्याला 'बिमा', धनादेशाला 'हुंडी', दुकानाला 'दुका'. आणि भांडवलदाराला 'बेपारी', म्हणजे आपला व्यापारी. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या उजामा, म्हणजे समाजवादाच्या काळात ती जवळजवळ शिवी होती. अनुस्वार सर, या शब्दांवर लाल पेन चालवणार की नाही? तेही कुठल्यातरी काळी बान्डोसारखेच कुणाच्या तरी तोंडून घुसले.

अनुस्वार:
(दोन तासांनी) हुंडी राहू द्या.

हिशेबनीस:
बरं, भांडण बाजूला. मंडळाच्या गणपतीला यंदा शेजारच्या गल्लीतल्या लोकांनाही बोलवायचं ठरलंय, म्हणून स्वाहिली पेपरात छोटी चौकट देतोय. घ्या, तुमच्या आग्रहाखातर स्वाहिलीत! मुलीने फोनवर भाषांतर करून दिलंय. 'वोते म्नाकारिबिश्वा', सर्वांचं स्वागत आहे, मग पत्ता, आणि आरतीची वेळ 'साआ ७ उसिकू'. उद्या सकाळी पैसे भरतो. काही चूक असेल तर आत्ताच सांगा.

कोशातला किडा:
काका, उसिकू म्हणजे रात्र. रात्रीचे सात म्हणजे सूर्यास्तापासून सात तास. रात्री एकची आरती आहे.

किगांबोनीकर:
मी येईन. रखवालदाराला खुर्ची आणि चहा सांगून ठेवा.

हिशेबनीस:
'साआ १ उसिकू' केलं. मुलगी विचारते, इंग्रजीत पण खाली घालू का. घालतोय.